रक्तदाब : पाळण्यापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंत

'एकशेवीस-ऐंशी' हा आकडा ठाऊक नाही असा शहरी माणूस आज विरळाच. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या कट्ट्यावर, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत कोणाचा रक्तदाब किती, याची चर्चा हवापाण्याइतक्या सहजतेने होते. या आकड्याच्या जोडीने आणखी एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. 'शंभर अधिक वय' एवढा वरचा दाब असला तरी चालतो, ही ती समजूत. या हिशेबाने सत्तर वर्षांच्या गृहस्थाचा १७० दाब 'वयाला धरून' ठरतो, घरचे निर्धास्त होतात आणि औषधाची चिठ्ठी कपाटात पडून राहते.

वैद्यकशास्त्राने हा हिशेब केव्हाच मोडीत काढला आहे. मात्र १२०/८० हा जन्मापासून अखेरपर्यंत सर्वांना लागू पडणारा एकच आकडा आहे, असेही नाही. सरासरी उंचीच्या दहा वर्षांच्या मुलाचा दाब वारंवार १२०/८० भरला, तर तो उच्च रक्तदाबात मोडतो. हाच दाब चाळिशीच्या माणसात समाधानाचा मानला जातो. आणि ऐंशीच्या आजोबांचा बसून घेतलेला दाब १२०/८० असला, तरी उभे राहताच तो ९० वर घसरत असेल, तर त्यांच्या पडण्याची भीती असते. आकडा तोच, पण आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या स्थितीत तो घेतला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

दोन आकड्यांची कहाणी

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त महाधमनीत जोराने ढकलले जाते. त्या क्षणी धमन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा, अर्थात सिस्टॉलिक दाब. दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात हृदय पुन्हा रक्ताने भरत असते. त्या वेळी धमन्यांत टिकून राहिलेला दाब म्हणजे खालचा, अर्थात डायस्टॉलिक दाब. या दोहोंतील फरकाला नाडीदाब म्हणतात. १२०/८० मध्ये हा फरक ४० आहे.

हा दाब मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग इंग्लंडमधील धर्मोपदेशक व शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स यांचा. घोडीच्या धमनीत नळी बसवून ती उंच काचनळीला जोडली असता रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले, अशी नोंद त्यांच्या १७३३ मधील ग्रंथात आहे. पारा पाण्याच्या सुमारे साडेतेरा पट जड असल्याने हीच उंची पाऱ्यात मिलिमीटरवर येते, आणि म्हणूनच आजही रक्तदाब 'मिलिमीटर पारा' या एककात सांगितला जातो. दंडाला पट्टा गुंडाळून दाब मोजण्याची पद्धत इटलीतील डॉ. स्किपिओने रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली. १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने धमनीतील आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब ओळखण्याची रीत शोधली. आजच्या स्वयंचलित यंत्रांची कार्यपद्धती वेगळी आहे; ती पट्ट्यातील सूक्ष्म कंपनांवरून दाब काढतात.

'वयाला धरून' की आजार?

दाब मोजता येऊ लागला, तरी वाढलेल्या दाबाचे करायचे काय, याबाबत वैद्यकात दीर्घकाळ एकमत नव्हते. वयानुसार कडक झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे नेण्यासाठी दाब वाढणे आवश्यकच आहे, असे अनेक नामवंत डॉक्टर मानत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. त्या काळी परिणामकारक औषधेच नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्या दिवशी नोंदला गेलेला दाब ३००/१९० होता.

१९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावातील हजारो रहिवाशांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्याशी रक्तदाबाचे असलेले नाते या अभ्यासाने ठळक केले. पुढे २००२ मध्ये ६१ अभ्यासांतील सुमारे दहा लाख प्रौढांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. ११५/७५ पासून पुढे, ४० ते ६९ या वयोगटात वरचा दाब २० ने अथवा खालचा १० ने वाढला की पक्षाघाताने व हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. 'शंभर अधिक वय' या सूत्राला कोठेच आधार उरला नाही.

दाब वाढणे हा वयाचा अटळ धर्मही नाही. ब्राझील आणि व्हेनेझुएलाच्या जंगलांत राहणारे यानोमामी आदिवासी पारंपरिक आहारात मीठ जवळपास घेतच नाहीत. त्यांच्यातील प्रौढांचा दाब वयाबरोबर वाढत नाही, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' या ३२ देशांतील अभ्यासातून दिसले. इटलीतील मठवासी जोगिणींच्या दीर्घकाळ केलेल्या पाहणीतही त्यांचा दाब वर्षानुवर्षे जवळपास स्थिर राहिल्याचे आढळले, तर त्याच भागातील संसारी स्त्रियांचा वाढत गेला. म्हणजे शहरी समाजात वयानुसार दिसणारी वाढ 'सर्वसाधारण' आहे, पण ती 'निरोगी' आहे असे नव्हे. या दोन शब्दांतील अंतर समजले, की पुढचे सारे आकडे समजायला सोपे जातात.

नवजात बाळ ते बारा वर्षे

पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाचा वरचा दाब पहिल्या दिवसांत साधारण ६० ते ८० च्या दरम्यान असतो. पहिल्या काही आठवड्यांत तो झपाट्याने वाढतो. वर्षाच्या मुलाचा वरचा दाब ८५ च्या आसपास, सहाव्या वर्षी ९० ते ९५ आणि दहाव्या वर्षी शंभराच्या घरात येतो. ही वाढ नैसर्गिक आहे, कारण शरीराबरोबर हृदय व धमन्याही वाढत असतात.

म्हणूनच लहान मुलांसाठी एकच ठरावीक मर्यादा नसते. मुलाचे वय, लिंग आणि उंची लक्षात घेऊन तक्त्याशी तुलना करावी लागते. त्याच वयाच्या व उंचीच्या शंभर निरोगी मुलांपैकी ९५ जणांपेक्षा ज्याचा दाब अधिक, आणि तोही वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या किमान तीन मोजण्यांत, त्यालाच उच्च रक्तदाब आहे असे म्हटले जाते. तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा दाब तपासावा, असे बालरोगतज्ज्ञ सुचवतात. प्रत्यक्षात मुलांचे वजन आणि उंची नोंदली जाते, पण दाब क्वचितच पाहिला जातो. मुलांच्या दंडाला साजेसा लहान पट्टा असणेही महत्त्वाचे आहे. मोठा पट्टा लावला तर दाब प्रत्यक्षाहून कमी दिसतो.

लहान मुलांत दाब खूपच वाढलेला आढळला, तर त्यामागे बहुधा दुसरा आजार असतो. मूत्रपिंडाचे विकार हे त्याचे सर्वांत मोठे कारण. महाधमनी जन्मतः अरुंद असली, तर हातातील दाब अधिक आणि पायातील कमी असे चित्र दिसते. मांडीतील नाडी क्षीण लागते. मुले डोकेदुखी नीट सांगू शकत नाहीत. त्यामुळे वजन न वाढणे, चिडचिड, लघवी लालसर होणे, चेहऱ्यावर सूज या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये.

बालवयात घसरलेला दाबही तितकाच महत्त्वाचा. पावसाळ्यात डेंग्यूची साथ येते तेव्हा याचा प्रत्यय येतो. डेंग्यूत रक्तातील द्रव केशवाहिन्यांबाहेर झिरपू लागतो, तेव्हा आधी वरचा दाब पडत नाही. खालचा वर सरकतो आणि दोहोंतील फरक आक्रसतो. मुलाचा दाब १००/८५ दिसला, तर 'शंभर तर आहे' म्हणून निश्चिंत होणे घातक ठरते. हा फरक २० किंवा त्याहून कमी होणे ही धोक्याची घंटा आहे. ताप उतरताच हातपाय गार पडणे, पोट दुखणे, मूल निपचित होणे ही लक्षणे दिसली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

कुमारवय : प्रौढांची मोजपट्टी

तेराव्या वर्षापासून बहुतांश तज्ज्ञ प्रौढांचेच निकष लावतात. १२०/८० च्या खाली असेल तर उत्तम, १३०/८० पासून पुढे काळजीचे. या वयातील दाबवाढीचा सर्वांत जवळचा संबंध वाढत्या वजनाशी आहे. मैदानाऐवजी शिकवणी, डब्याऐवजी वडापाव आणि वेफर्सची पाकिटे, रात्री उशिरापर्यंत मोबाइल आणि अपुरी झोप, हे शहरी कुमारवयाचे नेहमीचे चित्र आहे. घोरणाऱ्या, वजनदार मुलांत झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो आणि तोही दाब वाढवतो.

या वयात औषधांची गरज बहुधा पडत नाही. वजन आटोक्यात आले, खेळ सुरू झाला, खारट खाणे कमी झाले की दाब पुष्कळदा पूर्ववत होतो. मात्र कुमारवयात वाढलेला दाब तसाच राहिला, तर तो प्रौढपणीही पाठ सोडत नाही, असे दीर्घकालीन पाहण्यांतून दिसते.

विशी-तिशी : न मोजलेला दाब

या वयात निरोगी माणसाचा दाब साधारण ११० ते १२० आणि खालचा ७० ते ८० असतो. तरुण स्त्रियांचा त्याहून किंचित कमी भरतो. शंभराच्या आसपास दाब असलेल्या तरुणीला 'बीपी लो आहे' असे सांगून मीठ-साखरेचे पाणी पाजण्याची आपल्याकडे रीत आहे. चक्कर, भोवळ, थकवा यांपैकी काही नसेल, तर १००/६० हा आजार नव्हे. उलट तो दीर्घायुष्याला पोषकच मानावा.

खरी अडचण वेगळी आहे. या वयात दाब मोजलाच जात नाही. उच्च रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही. डोकेदुखी, घाम, धडधड यांची वाट पाहत बसणारा बहुधा उशीर करतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के यांचा दाब वाढलेला अथवा औषधाखाली असलेला आढळला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत हे प्रमाण प्रौढांमध्ये ३५.५ टक्के होते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाने वर्षा-दोन वर्षांतून एकदा दाब मोजून घेणे, एवढी साधी गोष्ट यातील पुष्कळांना वेळीच सावध करू शकते.

तिशीच्या आत दाब १६०-१७० पर्यंत पोहोचला असेल, तर 'कामाचा ताण' म्हणून विषय संपवू नये. मूत्रपिंड, मूत्रपिंडाच्या धमन्या, अधिवृक्क ग्रंथी, थायरॉइड यांची तपासणी आवश्यक ठरते. तरुण स्त्रियांत आढळणारा ताकायासू आर्टरायटिस हा धमन्यांच्या दाहाचा विकार भारतात लक्षात ठेवावा लागतो. त्यात एका हाताची नाडी लागत नाही अथवा दोन हातांच्या दाबांत मोठी तफावत असते. मूळ कारण सापडले, तर काही रुग्ण औषधांतून पूर्णपणे मुक्तही होऊ शकतात. गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही दाब तपासणे गरजेचे आहे.

गर्भारपण : दोन जिवांचा दाब

गर्भारपणात रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब सुरुवातीच्या महिन्यांपासून उतरू लागतो. साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात तो सर्वांत कमी असतो आणि नववा महिना लागेपर्यंत पूर्वपदावर येतो. हा चढउतार ठाऊक नसेल, तर दोन प्रकारची फसगत होते. मधल्या महिन्यांतील ९५/६० पाहून विनाकारण घबराट होते. आणि ज्या स्त्रीचा दाब आधीपासून वाढलेला होता, तिचा मधल्या महिन्यांत उतरलेला आकडा पाहून तो कोणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दाबाची नोंद व्हायला हवी.

गर्भवतीचा दाब १४०/९० अथवा अधिक असणे म्हणजे उच्च रक्तदाब. विसाव्या आठवड्यानंतर तो प्रथमच वाढला आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली, अथवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील प्लेटलेट्स यांवर परिणाम दिसू लागला, तर त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. यात वारेकडून बाळाला होणारा रक्तपुरवठा अपुरा पडतो आणि आईला आकडी येण्याचा, मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. सतत डोके ठणकणे, डोळ्यांपुढे काजवे चमकणे वा अंधुक दिसणे, बरगडीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर अचानक सूज येणे यांना 'गरोदरपणात असे होतेच' म्हणून टाळू नये. १६०/११० हा दाब तर तातडीच्या उपचारांचा आहे. मॅग्नेशियम सल्फेट या स्वस्त औषधाने आकडीचा धोका निम्म्यावर येतो, हे ३३ देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांच्या अभ्यासाने २००२ मध्ये सिद्ध केले. पण ते औषध मिळण्यासाठी स्त्री वेळेत रुग्णालयात पोहोचायला हवी.

बाळंतपणाने हा धोका लगेच संपत नाही. पुढील काही दिवसांत, क्वचित सहा आठवड्यांपर्यंत, दाब उसळू शकतो. माहेरी बाळंतिणीची सारी व्यवस्था चोख असते, डिंकाचे लाडू असतात, शेक-शेगडी असते. फक्त दाब मोजला जात नाही. गर्भारपणात दाब वाढलेल्या स्त्रीने पुढे आयुष्यभर वर्षातून एकदा तरी तो तपासावा, कारण तिला उच्च रक्तदाब व हृदयविकाराचा धोका इतरांहून अधिक असतो. आधीपासून औषधे घेणाऱ्या स्त्रीने दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटांतील गोळ्या गर्भाला अपायकारक असून त्या बदलाव्या लागतात.

चाळिशी ते साठी : वाटाघाटीचे वय

या टप्प्यावर दाब वाढल्याचे निदान सर्वाधिक कानांवर पडते. वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे पन्नाशीच्या आसपासपर्यंत चढत जातात. रजोनिवृत्तीपूर्वी पुरुषांच्या मागे असलेल्या स्त्रिया त्यानंतर त्यांना गाठतात, आणि उतारवयात पुढेही जातात. घरातल्या साऱ्यांच्या तब्येतीची काळजी वाहणारी गृहिणी स्वतःचा दाब पहिल्यांदा मोजते ती अनेकदा शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत. ही उणीव दूर होणे आवश्यक आहे.

निदानाची रेषा कोठे ओढावी, याबद्दल देशोदेशी थोडा फरक आहे. अमेरिकेतील संस्थांनी २०१७ पासून १३०/८० ला उच्च रक्तदाब म्हटले. भारतात व युरोपात ही रेषा सामान्यतः १४०/९० अशी आहे. १२० ते १३९ हा पट्टा किमान 'सांभाळा' असा इशारा आहे, यावर मात्र सर्वांचे एकमत दिसते. मधुमेह, मूत्रपिंडविकार अथवा हृदयविकार असलेल्यांना १३०/८० च्या आत राहण्याचा सल्ला दिला जातो.

गोळी सुरू झाली की 'आता आयुष्यभर लागली', या भीतीने अनेकजण ती लांबणीवर टाकतात. काहीजण आकडा सुधारताच ती आपल्या मनाने थांबवतात. आकडा सुधारला तो गोळीमुळे, हे विसरले जाते. ५५ वर्षे वयाला ज्यांचा दाब सामान्य आहे, त्यांनाही पुढील आयुष्यात उच्च रक्तदाब होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असल्याचे फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून २००२ मध्ये दिसून आले. तेव्हा औषध लागणे हा पराभव नव्हे. पक्षाघाताने लुळा पडलेला हात किंवा आठवड्यातून तीनदा घ्यावे लागणारे डायालिसिस यांच्या तुलनेत रोजची एक गोळी हा फार स्वस्त सौदा आहे.

साठीनंतर : रुंदावणारी दरी

तरुणपणी महाधमनी रबरासारखी लवचीक असते. प्रत्येक ठोक्याला ती फुगते, धक्का पचवते आणि विसाव्याच्या वेळी पुन्हा आक्रसून रक्त पुढे ढकलते. वयानुसार तिच्या भिंती ताठर होतात. परिणामी वरचा दाब चढत राहतो आणि खालचा उतरू लागतो. १६५/७० असा आकडा साठीनंतर वारंवार दिसतो. 'खालचा चांगला आहे, काळजी नाही' हा त्यावरचा नेहमीचा दिलासा चुकीचा आहे. या वयात खालच्यापेक्षा वरचा दाबच अधिक धोक्याचा. केवळ वरचा दाब वाढलेल्या वृद्धांवर उपचार केल्यास पक्षाघात लक्षणीयरीत्या कमी होतात, हे १९९१ मध्येच सिद्ध झाले.

दाब किती खाली आणावा? २०२१ मध्ये चीनमधील ६० ते ८० वयाच्या साडेआठ हजार रुग्णांच्या अभ्यासात, वरचा दाब ११० ते १३० च्या दरम्यान ठेवलेल्या गटात हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना १३० ते १५० ठेवलेल्या गटापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी घडल्या. अमेरिकेतील 'स्प्रिंट' अभ्यासाने २०१५ मध्ये असाच कौल दिला होता. मात्र त्यात दाब खूप उतरून भोवळ येणे, मूत्रपिंडावर ताण येणे हे प्रकारही वाढले होते. म्हणून उद्दिष्ट गाठावे, पण हळूहळू.

ऐंशीनंतर औषध कशाला, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हायव्हेट' या अभ्यासाने त्याचे उत्तर दिले. ८० वर्षे व त्यापुढील ३,८४५ रुग्णांत १५०/८० च्या उद्दिष्टाने उपचार केल्यावर एकूण मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी घटले. म्हणजे सहस्रचंद्रदर्शन झालेल्यांनाही उपचारांचा लाभ होतो. मात्र ही मंडळी तुलनेने धडधाकट होती. अंथरुणाला खिळलेल्या, वारंवार पडणाऱ्या वृद्धांसाठी डॉक्टर अधिक सैल मर्यादा ठरवतात, आणि ते योग्यच आहे.

वृद्धांचा दाब बसून मोजावा आणि मग उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा २० ने अथवा खालचा १० ने घसरला, तर पहाटे बाथरूमला उठताना पडून खुब्याचे हाड मोडण्याची शक्यता वाढते. अंथरुणातून उठताना आधी कडेला दोन मिनिटे बसणे, भरपेट जेवणानंतर लगेच न उठणे, पुरेसे पाणी पिणे, प्रोस्टेटसाठी व झोपेसाठी चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवणे, एवढ्याने बरेच अपघात टळतात.

मोजण्यातील चुका

जिना चढून आल्या आल्या, गप्पा मारत, पाय लोंबकळत ठेवून घेतलेला दाब विश्वासार्ह नसतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. उघड्या दंडावर पट्टा बांधून हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा दाब पाहावा आणि पुढे अधिक दाखवणारा हात धरावा. घरासाठी मनगटाचे नव्हे, तर दंडाचे यंत्र घ्यावे. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा दाब वाढवून दाखवतो.

डॉक्टरांसमोर वाढणारा आणि घरी उतरणारा दाब असतो, तसाच दवाखान्यात शहाण्यासारखा वागून घरी चढणाराही असतो. म्हणून घरची नोंदवही मोलाची. घरी घेतलेली सरासरी १३५/८५ च्या पुढे असेल, तर ती दवाखान्यातील १४०/९० च्या बरोबरीची समजावी.

मीठ, काढे आणि गोळ्या

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याएवढेही नाही, इतके मीठ पुरेसे आहे. पानात वाढलेले मीठ टाळले तरी लोणचे, पापड, फरसाण, खारे दाणे, सुकट, खारी आणि पाव यांतून ते येतच राहते. सैंधव मीठही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्याने 'उपवासाचे मीठ चालते' ही समजूत खरी नाही. सोडियम कमी आणि पोटॅशियम अधिक असलेल्या मिठाने पक्षाघात घटतात, असे चीनच्या ६०० खेड्यांतील अभ्यासाने २०२१ मध्ये दाखवले. पण मूत्रपिंडविकार असलेल्यांनी अथवा रक्तातील पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

फळे, पालेभाज्या, डाळी, कमी स्निग्धांशाचे दूध-ताक, आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे झपझप चालणे, वजन उतरवणे, मद्य व तंबाखू सोडणे आणि पुरेशी झोप, यांचा परिणाम मोजता येण्याइतका असतो. याउलट दुखण्यावर परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, चोंदलेल्या नाकावरची काही औषधे आणि ज्येष्ठमधाचा सततचा काढा दाब वाढवू शकतात. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' असे गृहीत धरू नये.

तातडी केव्हा?

दाब १८०/१२० च्या पुढे असून छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूची शक्ती जाणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, दृष्टी अंधुक होणे यांपैकी काहीही असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षणे नसतील, तर शांत बसून काही वेळाने पुन्हा मोजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची जुनी पद्धत आता धोकादायक मानली जाते, कारण दाब एकदम कोसळला तर मेंदूचा रक्तपुरवठाच तुटतो.

उच्च रक्तदाबावरील नियंत्रणासाठी नोव्हेंबर २०१७ मध्ये देशात विशेष उपक्रम सुरू झाला. पहिल्या टप्प्यातील पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. सरकारी आरोग्य केंद्रांत दाब मोजून मिळतो आणि औषधेही मोफत मिळतात. तरीही पहिले पाऊल घरातूनच उचलावे लागते.

थोडक्यात आकडे

- नवजात बाळ : वरचा दाब साधारण ६० ते ८०
- एक वर्ष : वरचा ८५ च्या आसपास
- सहा ते दहा वर्षे : वरचा ९० ते १०० च्या घरात, वय, लिंग व उंचीनुसार तक्ता पाहावा
- तेरा वर्षांपुढे व प्रौढ : १२०/८० च्या खाली उत्तम, १४०/९० वारंवार भरल्यास उपचार
- गर्भारपण : १४०/९० हा उच्च रक्तदाब, १६०/११० ही तातडी
- साठीनंतर : झेपत असेल तर वरचा १३० च्या आत, बसून व उभे राहून दोन्ही वेळा मोजावा
- ऐंशीनंतर वा अशक्त प्रकृती : मर्यादा डॉक्टरांनी ठरवावी, औषध स्वतःहून बंद करू नये

हे आकडे दिशा दाखवण्यापुरते आहेत. एका दिवसाच्या एका मोजणीवरून आजार ठरत नाही आणि निरोगीपणाही ठरत नाही. घरातील प्रत्येकाचा दाब, तारखेसह, एका वहीत लिहून ठेवण्याची सवय लागली, तर 'वयाला धरून' म्हणून दुर्लक्षिलेला आकडा वेळेत डॉक्टरांच्या नजरेस पडेल.